पावसात मिटलेली भेग

वाचकाचे पत्र

मी भांडुपला राहतो, वय एकतीस. मॉड्युलर किचन बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. वडील सुतार आहेत. त्यांच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात रात्री आणि रविवारी बसून मी दोन वर्षांत दोन अकूस्टिक गिटार आणि एक मॅन्डोलिन बनवले. गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये जोडलेल्या गिटारच्या वरच्या फळीला जानेवारीत भेग पडली, ब्रिजच्या (फळीवरची, तारा जिथे अडकतात ती पट्टी) टोकापासून थेट खालच्या कडेपर्यंत. मी ती तशीच ठेवून दिली. आता पाऊस सुरू झाल्यावर भेग आपोआप मिटली आहे, नखालाही लागत नाही. वडील म्हणतात, लाकूड बसले, पॉलिश मारून देऊन टाक. पुण्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी ती गिटार मागितली आहे. मॅन्डोलिन मात्र वरच्या पडद्यांवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, बेसूर होते. मला वाटते दोष देशी लाकडाचा आहे. फळी रे रोडच्या वखारीतून 'देवदार' म्हणून आणली होती. परदेशी लाकूड मागवू का? दिवाळीनंतर नोकरी सोडून हेच काम पूर्णवेळ करावे असे मनात आहे. आईला ते पटत नाही. आपण काय सांगाल?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

ती गिटार पुण्याला पाठवू नका. तुमच्या बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे या एका भेगेतूनच निघतात, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

भेग मिटलेली नाही. तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड फुगून एकमेकांना टेकले आहे. घरातली दारे आषाढात चौकटीला घासू लागतात आणि दिवाळीनंतर पुन्हा मोकळी फिरतात, हे तुमच्या वडिलांनी असंख्य वेळा पाहिले असेल. घासणाऱ्या दाराला रंधा मारून देणे हे तर पावसाळ्यातले सुताराचे ठरलेले काम. गिटारची वरची फळी हे तसेच एक दार आहे, फक्त तिची जाडी अडीच-तीन मिलिमीटर असते आणि खालच्या भागातली रुंदी चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. लाकूड रेषेच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ हलत नाही. रेषेला आडवे मात्र ते सतत हलत असते. हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांवरून 45 टक्क्यांवर आली, तर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची चाळीस सेंटिमीटर रुंदीची सुटी फळी साधारण चार मिलिमीटर आकसते. सुटी असेल तर आकसून स्वस्थ पडून राहते. तुम्ही मात्र तिच्या पाठीला आडव्यातिरप्या पट्ट्या चिकटवल्या आहेत आणि कडा चारी बाजूंनी सांधल्या आहेत. पट्ट्या त्यांच्या लांबीत आकसत नाहीत. फळी जुलैत टम्म फुगलेली असताना तुम्ही तिला त्या पट्ट्यांवर जखडले; जानेवारीत तिला आकसायचे होते आणि आकसायला वाव नव्हता, तेव्हा ती जिथे सर्वांत जास्त जखडलेली होती तिथून, ब्रिजच्या टोकापासून, फाटली.

म्हणजे दोष लाकडाचा नसून चिकटवण्याच्या तारखेचा आहे. हे मी इतक्या खात्रीने सांगतो, कारण माझ्या सुरुवातीच्या काळातले एक मॅन्डोलिन असेच गेले. ऑगस्टमध्ये जोडलेले ते वाद्य एका वादकाने नेले. त्यांचा दिवस स्टुडिओतल्या एसीत जात असे. डिसेंबरात ते वाद्याची पेटी घेऊन आले, माझ्यासमोर उघडली, आणि फळीवरच्या फटीतून आतल्या पट्टीचे पांढरे लाकूड मला स्पष्ट दिसले. मी त्यांना लाकूड कच्चे निघाले असे सांगितले, आणि मला स्वतःलाही ते खरेच वाटत होते. पुढे त्याच ओंडक्यातून निघालेली जोडीची फळी मी फेब्रुवारीत दुसऱ्या मॅन्डोलिनला लावली. ते वाद्य आजही वाजते आहे आणि त्याच्या फळीवर केसाएवढीही रेघ नाही. दोन्ही फळ्या एकाच झाडाच्या, एकाच करवतीखालच्या होत्या. तेव्हा मला वहीत पहिल्यांदा तारखेशेजारी आर्द्रता लिहावीशी वाटली.

म्हणून तुमच्या गाळ्यात यापुढे येणारी पहिली वस्तू म्हणजे आर्द्रता दाखवणारा हायग्रोमीटर असली पाहिजे. स्वस्त डिजिटल चालेल, मात्र त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. बाटलीचे एक झाकण घ्या, त्यात स्वयंपाकाचे मीठ भरा, ओल्या वाळूसारखे होईल एवढेच पाणी घाला आणि ते झाकण हायग्रोमीटरसह हवाबंद पिशवीत किंवा डब्यात बारा तास ठेवा. आत आर्द्रता 75 टक्के होते, दर वेळी, कोणत्याही ऋतूत. तुमचे यंत्र 69 दाखवत असेल, तर ते सहाने कमी दाखवते असे त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. वाद्ये बनवणारे जगभर 45 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान फळीवर पट्ट्या चिकटवतात. मुंबईत पावसाळ्यात घरातला आकडा दिवसचे दिवस 80 च्या वर राहतो. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारी मात्र तो आपल्याला हवा तिथे उतरतो.

याचा अर्थ चार महिने हातावर हात ठेवून बसायचे असा नाही. आपल्या आज्या-आया वाळवण उन्हाळ्यातच उरकून घेत, पावसाची पहिली सर येण्याआधी पापड-कुरडया डब्यात गेलेल्या असत. या कामालाही तसेच पंचांग असते. पावसाळ्यात दांडी कोरा, घोड्या (तारांखालचे लाकडी आधार) घासा, पडद्यांच्या खाचा पाडा, साचे तयार करा, तापलेल्या नळीवर बाजूच्या पट्ट्या वाकवा. फळीवर पट्ट्या चिकटवणे आणि वाद्याची पोकळ पेटी बंद करणे, एवढे दोन टप्पे कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवा. ते पावसाळ्यातच करणे भाग असेल, तर वडिलांकडून एक बंद कपाट करून घ्या आणि त्याच्या तळाशी जुन्या पद्धतीचा 60 वॉटचा तापणारा दिवा लावा, मात्र लाकडापासून लांब आणि जाळीच्या आड. हवा दहा अंश तापली की तिची आर्द्रता जवळजवळ निम्मी होते. 28 अंश आणि 85 टक्क्यांची हवा 38 अंशांवर नेली, तर आकडा पन्नासच्या थोडा खाली येतो. फळ्या आणि पट्ट्या त्या कपाटात दोन-तीन आठवडे मुरू द्या, बाहेर काढताच चिकटवा आणि क्लॅम्पसकट पुन्हा आत ठेवा. दहा बाय बाराच्या गाळ्याला डिह्युमिडिफायर परवडला तर त्याहून उत्तम, पण त्यासाठी कर्ज काढू नका.

आता तुमच्या गिटारकडे वळू. आज भेगेत गोंद भरून पॉलिश केले, तर तुम्ही फळी फुगलेल्या स्थितीत पुन्हा एकदा जखडाल आणि येत्या जानेवारीत ती त्याच जागी किंवा तिच्या शेजारी फाटेल, तीही पुण्याच्या कोरड्या हवेत, गिऱ्हाइकाच्या हातात. आधी भेग उघडू द्या. तारा सैल करा आणि गिटार त्या कपाटात 45 ते 50 टक्क्यांवर ठेवा. भेग रुंदावताना पाहून घाबरू नका. तिची खरी रुंदी तीच आहे. ती केसाएवढी राहिली, तर गोंद आत दाबून काम भागेल. पण जुलैत जोडलेल्या पेटीत बहुधा ती त्याहून मोठी निघेल. तेव्हा धारदार पात्याने तिच्या कडा निमुळत्या साफ करा आणि त्याच जातीच्या लाकडाची, रेषेला रेष जुळणारी बारीक कामटी पाचरीसारखी तासून गोंदासह बसवा. ती थोडी वर राहू द्या. वाळल्यावर पटाशीने आणि मग स्क्रेपरने पृष्ठभागाला आणा. काचकागद शेवटी आणि अगदी थोडा, नाहीतर भेगेभोवतीची फळीच पातळ होते.

आतून टिकल्या लावाव्या लागतील: बारा मिलिमीटरचे चौकोनी, दीड-दोन मिलिमीटर जाडीचे तुकडे, ज्यांची रेष भेगेला आडवी असते आणि ज्यांच्या कडा तासून शून्यावर आणलेल्या असतात. दर चार-पाच सेंटिमीटरला एक पुरे. साउंडहोलमधून, म्हणजे फळीवरच्या भोकातून, हात घालून, आरशात पाहून हे काम करावे लागते. क्लॅम्प तिथपर्यंत पोचत नसेल, तर टिकलीवर एक आणि फळीच्या बाहेरून एक असे ताकदीचे दोन चुंबक वापरा, त्यांच्याखाली मेणकागद ठेवा. पहिली टिकली बसवायला तासभर जातो, चौथी दहा मिनिटांत बसते. माझ्या मते दुरुस्तीच्या सगळ्या कामांत शिकण्यासारखे सर्वांत जास्त यातच आहे, कारण आपण बाहेरून घडवलेले वाद्य आतून कसे दिसते ते इथे पहिल्यांदा कळते.

गोंदाचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण वडिलांच्या गाळ्यात पांढरा सुतारी गोंदच असणार, असे मी धरून चालतो. कपाटाच्या कामाला तो चांगला आहे. गिटारवर मात्र साध्या जाडीच्या सहा तारांचा मिळून सत्तर किलोंहून अधिक ताण रात्रंदिवस असतो, आणि सततच्या ओढीखाली, विशेषतः उन्हात उभ्या गाडीत, पांढरा गोंद हळूहळू सरकतो. ब्रिज आणि पट्ट्यांसाठी पिवळा, वाळल्यावर कडक होणारा सुतारी गोंद वापरा. सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद, हा जुना आणि उत्तम मार्ग आहे, पण तो साठ अंशांच्या आसपास गरम ठेवून चपळाईने काम करण्याची सवय लागते आणि दमट हवेत तो वाळायला वेळ घेतो. तो हात पुढे बसेल.

मॅन्डोलिनच्या बेसूरपणाचा हवेशी फारसा संबंध दिसत नाही. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून सूर काढा आणि मग त्याच पडद्यावर दाबून काढा. दाबलेला सूर चढा लागत असेल, तर घोडी शेपटीच्या दिशेने किंचित मागे न्या; उतरा असेल तर पुढे आणा. मॅन्डोलिनची घोडी बहुधा चिकटवलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने उभी असते, म्हणून हे पाच मिनिटांचे काम आहे. तेवढ्याने बारावा पडदा जुळला आणि तरीही सातवा किंवा दहावा बेसूर राहिला, तर पडद्यांच्या खाचाच चुकल्या आहेत. माझा अंदाज असा की तुम्ही प्रत्येक पडदा आधीच्या पडद्यापासून मोजला असावा, त्यात पाव-पाव मिलिमीटरची चूक साठत जाते. प्रत्येक अंतर नटपासूनच (दांडीच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) मोजा. एकूण लांबीला 17.817 ने भागले की पहिल्या पडद्याचे अंतर मिळते, उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागले की दुसऱ्याचे. हे सर्व कागदावर आधी मांडून, बेरीज करून, नंतरच लाकडावर आखणी करा. 645 मिलिमीटरच्या गिटारवर पहिला पडदा 36.2 वर येतो आणि बारावा 322.5 वर, 352 मिलिमीटरच्या मॅन्डोलिनवर पहिला 19.8 वर आणि बारावा 176 वर. लांबी जवळजवळ निम्मी असल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूक मॅन्डोलिनवर कानाला जवळजवळ दुप्पट जाणवते. वाद्य लहान म्हणून काम सोपे, हा समज इथे पुरता खोटा ठरतो. आठ तारांचा ताणही गिटारइतकाच, तोही निम्म्या आकाराच्या पेटीवर. पुढचे मॅन्डोलिनही सपाट फळीचेच करा. 1922 च्या सुमारास लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली गिब्सन कंपनीने घडवलेल्या एफ-5 सारखे, फळी कोरून घुमट काढलेले वाद्य सर्वांनाच खुणावते, पण पाच-सहा सपाट मॅन्डोलिने झाल्याखेरीज त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

लाकडाबद्दल तुमचा प्रश्न अर्धा बरोबर आहे. आपल्या बाजारात 'देवदार' या एका नावाखाली खऱ्या देवदारापासून पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनपर्यंत बरेच काही विकले जाते, आणि फळीसाठी लागणारे, रेषा पृष्ठभागाला उभ्या राहतील असे चिरलेले लाकूड वखारीत क्वचितच हाती लागते. वरच्या फळीसाठी म्हणून पहिल्या काही वाद्यांना तयार चिरलेली परदेशी स्प्रूसची जोडी मागवा. तिथे पैसे वाचवू नका. पाठ आणि बाजू यांच्यासाठी मात्र परदेशाकडे पाहण्याचे काहीही कारण नाही. अमेरिकेतली मार्टिन ही गिटार कंपनी 1969 च्या अखेरीस ब्राझीलच्या रोझवुडवरून ज्या लाकडाकडे वळली, ते आपल्याच दक्षिणेतल्या जंगलांमधले शिसवी आहे. ते घेताना पक्के बिल घ्या आणि जपून ठेवा. शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून निर्बंध आहेत. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली, तरी लाकूड कुठून आले याचा कागद तुमच्याकडे असलाच पाहिजे. पाडलेल्या चाळींमधून निघणारा जुना बर्मा साग दांडीसाठी सुरेख असतो, कित्येक दशके मुरलेला आणि सरळ राहणारा. सागात तेल असते, तेव्हा सांध्याचा पृष्ठभाग चिकटवण्याच्या अगदी आधी ताजा रंधून अ‍ॅसिटोनने पुसून घ्या.

शक्य झाले तर आठ दिवसांची रजा काढून मिरजेला जाऊन या. तिथल्या सतारी आणि तानपुऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तुम्ही जायचे ते भोपळे आणि लाकूड कसे साठवले जाते, किती काळ वाट पाहिली जाते ते बघायला. गिटारचे काम तिथे शिकायला मिळणार नाही. घाई न करण्याची पद्धत मिळेल, आणि सुताराच्या मुलाला ती चटकन उमगेल.

राहिला नोकरीचा प्रश्न. दिवाळीनंतर सोडू नका. तुमच्या हातात कसब नाही असे मी मुळीच म्हणत नाही. दोन वर्षांत, रात्रींच्या वेळात तीन वाद्ये उभी करणारा माणूस हे काम सोडणार नाही हे मला पत्रावरूनच दिसते. कारण इतकेच आहे की तुमच्या हातच्या एकाही निर्दोष वाद्याने अजून दुसऱ्याच्या घरात पावसाळा आणि हिवाळा असे पूर्ण वर्ष काढलेले नाही. ते होईपर्यंत तुम्ही विकलेल्या प्रत्येक गिटारमागे एक न फेडलेली हमी उभी राहते, आणि महिन्याचा पगार बंद झालेला असताना ती निभावणे फार जड जाते. सवयीच्या नसलेल्या हाताला एका गिटारमागे दीडशे-दोनशे तास सहज लागतात. तुम्ही वहीत तास लिहीत नसाल, तर आजपासून लिहा. कारखान्यातून येणाऱ्या गिटारशी किमतीत तुमची बरोबरी होणार नाही, आणि तशी करायलाही नको.

मधल्या काळात दुरुस्ती घ्या. मुंबईत गिटार शिकणारी मुले गल्लोगल्ली आहेत आणि पावसाळ्यात त्यांची फळी फुगून तारा उंच होतात, बोटे दुखतात, पालक वाद्य बदलण्याचा विचार करू लागतात. खरे तर ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा टेकणारी बारीक पट्टी, काढून थोडे बुटके दुसरे बसवले की भागते. काढलेले सॅडल फेकू नका, पिशवीत घालून त्यावर 'हिवाळा' असे लिहून परत द्या. जानेवारीत फळी खाली बसली की तेच पुन्हा लागते. पडदे घासणे, नटच्या खाचा नीट करणे, सुटलेला ब्रिज बसवणे, या कामांचे पैसे रोख मिळतात, आणि त्यांहून मोलाचे म्हणजे दुसऱ्यांची शेकडो वाद्ये कुठे आणि का तुटतात ते तुमच्या डोळ्यांखालून जाते. मॅन्डोलिन हाताळणारा माणूस तर या शहरात शोधावा लागतो, आणि हे तेच शहर आहे जिथे सज्जाद हुसेन यांच्यासारख्या संगीतकाराने त्या वाद्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे, काढून दाखवली. जुन्या वादकांच्या घरी आजही मॅन्डोलिने पेटीत पडून आहेत. दुरुस्तीचे मासिक उत्पन्न सलग बारा महिने तुमच्या पगाराच्या निम्म्यावर गेले आणि त्याच काळात तुमची दोन वाद्ये बाहेर धड राहिली, की पुन्हा विचार करा. हा आकडा आणि ही अट आईंना आजच सांगून ठेवा. मला वाटते, त्यांना भीती तुमच्या कामाची नाही, तारीख नसलेल्या निर्णयाची आहे.

पुण्याच्या गृहस्थांना मात्र आजच कळवा की फळीला भेग गेली होती, तिची दुरुस्ती करणार आहात, आणि गिटार येत्या फेब्रुवारीच्या आधी मिळणार नाही. ते थांबायला तयार असतील तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, एखाद्या कोरड्या दुपारी, ब्रिजच्या टोकापासून खालच्या कडेपर्यंत अंगठ्याचे नख हळूच फिरवून पाहा आणि मगच पेटी बांधा.